मयत विद्यार्थिनी

१२ जून

‘प्रिय’ लिहायला पेन उचलत नाही, आणि ‘अहो’ म्हणायची सवय तू वकिलाच्या कचेरीतच सोडवलीस. म्हणून सरळ तू. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, तेव्हा कागदच बरा. पाकिटावर मुद्दाम तुझ्या परदेशातल्या कंपनीचा पत्ता घातलाय, म्हणजे तुला ते चारचौघांत उघडावं लागेल.

बातमी अशी, की मी कॉम्प्युटर शिकते आहे. टायपिंग नव्हे. ऑपरेटिंग सिस्टिम. तुझाच धंदा. लग्न होतं तोवर मी विचारायची, तुम्ही दिवसभर करता तरी काय? तू म्हणायचास, तुझ्या डोक्यावरून जाईल. एकदा पाहुण्यांसमोर म्हणालास, हिला बटण कुठलं ते कळलं तरी पुरे. पाहुणे हसले. हातात चहाचा ट्रे घेऊन मीही हसले. आता मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. तिथला कॉम्प्युटर दिवसातून दोनदा मान टाकतो आणि डॉक्टर माझ्याकडे असे बघतात, जणू मीच त्याला विष घातलंय. म्हटलं, हा प्राणी आहे तरी काय ते एकदा बघूच.

वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान. त्याचं यंत्र किल्ली घासायला लागलं की वर सगळ्यांचे दात शिवशिवतात. आम्ही सगळे पोटापाण्याला लागलेले, कामावरून सुटून येणारे लोक. माझ्या शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांचा मुलगा त्यांना म्हणाला, बाबा, तुमचं वय झालं, आता नवीन काही डोक्यात शिरायचं नाही. त्या रागावर त्यांनी फी भरली. आमचं लगेच जमलं.

आणि शिकवायला कोण आहे, सांगू? तुझी बायको.

दचकू नकोस. योगायोग आहे. वर्ग घराजवळ होता म्हणून नाव घातलं.

बरी शिकवते. पहिल्या दिवशी म्हणाली, “बटण दाबल्यावर यंत्राला काहीही आठवत नसतं. आपण कोण, कुठे, काहीच नाही. एका चिपमध्ये चार ओळी कोरलेल्या असतात, तेवढ्याच वाचता येतात. त्या ओळी सांगतात, अमुक ठिकाणी जा, तिथे पुढचं लिहिलंय. असं करत करत ते शुद्धीवर येतं.” मग कर्नलबद्दल सांगितलं, म्हणजे सिस्टिमचा गाभा. कुठल्याही प्रोग्रॅमला यंत्राला थेट हात लावायची मुभा नसते. प्रत्येक गोष्ट कर्नलकडे मागायची. त्याने दिली तर दिली, नाहीतर गप्प बसायचं. काका म्हणाले, “म्हणजे आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी.” सगळे हसले, तीही हसली. हसताना तिचा हात पोटावर जातो. पाचवा महिना असावा. अभिनंदन.

माझं नाव तिथे माहेरच्या आडनावाने आहे. ती मला ताई म्हणते. मी काही बोललेली नाही. अजून तरी.

तुझी जी कोणी असेन ती

२७ जून

तुझं उत्तर नाही. तू तिकडे उंटावरून शेळ्या हाकत बसला असशील. इकडची शेळी काय म्हणते ते ऐक.

परवा वर्ग संपला आणि तुझी बायको फळा पुसता पुसता भिंतीला टेकली. चेहरा पांढराफटक. बाकीचे निघून गेले होते. मी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, “ताई, मला घरापर्यंत सोडाल का? जिन्यात भीती वाटते.” मी सोडलं. रस्ताभर तिने माझा दंड धरून ठेवला होता. आपल्या जागी आलेल्या बाईने एवढा घट्ट दंड धरला तर कसं वाटतं, हे तुला कळायचं नाही.

तुमच्या घराच्या जिन्यात, पहिल्या वळणावर, ती दम खायला बसली. मी म्हटलं, पहिलं बाळंतपण आहे, होतं असं. तर ती म्हणाली, “मला वेगळीच भीती आहे. तुम्हाला सांगते, कुणाला बोलू नका. यांची पहिली बायको बाळंतपणातच गेली. आई आणि मुलगी, दोघी एकाच दिवशी.”

तिच्यापेक्षा वरच्या पायरीवर उभी होते, म्हणून तिला माझं तोंड दिसलं नाही.

मी विचारलं, “कोण म्हणालं?”

“हेच. लग्नाआधी सांगितलं. माझ्या आईला वडिलांनी टाकलं होतं, म्हणून मी स्पष्ट सांगितलं होतं, बायकोला सोडलेला माणूस मला नको. तेव्हा यांनी सगळं सांगितलं. डोळ्यांत पाणी होतं. त्यानंतर ते विषयच काढत नाहीत. फोटोसुद्धा ठेवले नाहीत, बघवत नाहीत म्हणून.”

“कशी होती हो ती?” मी विचारलं. एवढी संधी कोणाला मिळते?

“फार गरीब स्वभावाची. कधी उलटून बोलली नाही म्हणतात. यांचं पान तिच्यावाचून हलत नव्हतं.”

बघ, जिवंतपणी माझं एक काम तुला धड वाटलं नाही. आमटीत मीठ जास्त, आवाज मोठा, डोकं रिकामं. मेल्याबरोबर मी गुणाची झाले. आधी सांगितलं असतंस तर लवकर मेले असते.

घरी येऊन मी हात-पाय धुतले आणि आरशासमोर बराच वेळ उभी राहिले. मला एकटीला मारलं असतंस तर समजू शकले असते. विधुराला मुली मिळतात, बायको सोडलेल्याला मिळत नाहीत. पण तू माझ्या मुलीला त्यात घेतलंस. ती खरी होती. ती खरंच गेली. तू तिच्या मरणाला माझं मरण जोडलंस आणि दोन्ही मिळून एका बाईला लग्नासाठी दाखवलंस.

मी वर्ग सोडणार नाही.

मयत

१६ जुलै

अखेर उत्तर आलं. चार ओळी, त्याही टाइप केलेल्या. ‘तिचे नाजूक दिवस आहेत. तिला धक्का बसला तर जबाबदार तू असशील. तुला माणुसकी असेल तर वर्ग सोड.’

पोटुशी बाई पुढे करून तिच्या मागे लपलास. बरं.

आता माझं ऐक. त्या दिवशी हॉस्पिटलात बाळाचे ठोके लागत नाहीत म्हणाले आणि मला झोपेचं इंजेक्शन दिलं. मी शुद्धीवर आले तेव्हा पाळणा नव्हता, बाळ नव्हतं, सगळं उरकलं होतं. तू खिडकीशी उभा होतास. मी विचारलं, कशी होती? तू म्हणालास, मी बघितलं नाही. घरी आल्यावर विचारलं, वर्षश्राद्धासारखं दर वर्षी त्या तारखेला विचारलं. दर वेळी तेच. मी बघितलं नाही, पुन्हा विचारू नकोस. मग तू उठून घरभर नळ घट्ट बंद करत फिरायचास. मला माझ्या मुलीचं तोंड ठाऊक नाही. तिच्या जागी मी मनात कोणाकोणाच्या मुली ठेवून बघितल्या, एकही बसली नाही.

असो. अभ्यास जोरात चालू आहे. प्रोसेस शिकवून झाली. चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम म्हणजे एक प्रोसेस. तिला जन्म देणारी आणखी एक प्रोसेस असते, ती तिची पालक. मुलाचं काम संपलं की ते मरतं, पण पालकाने येऊन ‘याचं काय झालं’ ही चौकशी करेपर्यंत त्याचं नाव यादीतून निघत नाही. पालकाने चौकशीच केली नाही तर ते तसंच पडून राहतं. मेलेलं, पण यादीत. तुमच्याकडे त्याला झॉम्बी म्हणतात.

काकांनी विचारलं, “मॅडम, मग त्याला मारून टाकायचं ना?”

“मारणार कसं काका? ते आधीच मेलंय.”

काका म्हणाले, “म्हणजे मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही!”

सगळा वर्ग खो खो हसला. मला एवढं हसू आलं की तोंडावर रुमाल धरून बाहेर जावं लागलं. खाली किल्लीवाला विचारत होता, बाई, बरं नाही का?

नंतर मी काय केलं तेही सांगते. लपवून काय करू, तुझ्यासमोर चांगलं दिसायची हौस फिटली. तिने मला विचारलं, “ताई, तुम्हाला मुलं किती?” मी म्हटलं, एक मुलगी झाली होती, जन्मतानाच गेली. तिच्या हातातला खडू खाली पडला. मी म्हटलं, “तुमच्या मिस्टरांना नीट विचारून घ्या, तेव्हा नक्की काय बिघडलं होतं. पुरुष अर्धंच सांगतात.” ती म्हणाली, हो, विचारते. त्या आठवड्यात ती रोज सुजलेल्या डोळ्यांनी वर्गावर आली. तू फोनवर काय काय रचलंस ते तुझं तुला माहीत. तिची पाचावर धारण बसलेली बघून मला बरं वाटलं. जेवण गेलं मला त्या दिवशी, पोटभर.

आणि वर्ग घराजवळ नाही. दोन बस बदलून जाते. तिची जाहिरात बघूनच गेले होते.

आता एवढंच सांगते, तू तिला स्वतः सांग. परीक्षेच्या आत.

मयत

२० ऑगस्ट

पत्राला उशीर झाला. परीक्षेची तयारी चालू आहे.

मी तिला काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तू म्हणालास ते खरं, नाजूक दिवस आहेत. मलाही देव आठवतो कधी कधी. तिची तब्येत बरी आहे. पुढच्या महिन्यात तुला सुट्टी मिळते आहे असं ती वर्गात आनंदाने सांगत होती. ये. तिला तुझी गरज आहे. माझ्याकडून तुला काही त्रास होणार नाही.

एक विद्यार्थिनी

५ ऑक्टोबर

ते मागचं पत्र माझ्या अक्षरात होतं, पण शब्द तिचे होते. ती शेजारी बसून सांगत होती आणि मी लिहीत होते. ‘मलाही देव आठवतो’ हे वाक्य तिने दोनदा बदललं. तुला तेवढ्याने धीर आला आणि तू विमानात बसलास.

झालं असं. ऑगस्टच्या सुरुवातीला तिला आम्हाला डेडलॉक शिकवायचा होता. तिने काकांच्या हातात पेन दिलं, माझ्या हातात कागद दिला. म्हणाली, “दोघांनाही लिहायचंय. काका कागद मागतात पण पेन सोडत नाहीत. ताई पेन मागतात पण कागद सोडत नाहीत. आता काय होईल?” काका म्हणाले, “काही नाही. आमचं लग्न झाल्यासारखं दोघं बसून राहू.” सगळे हसले. ती हसली नाही. फळ्याकडे वळली आणि ‘यावर उपाय’ एवढं लिहून तशीच थांबली. मग टेबल धरून खाली बसली. रक्तदाब इतका वाढला होता की डॉक्टरांनी तिला तिथूनच नेऊन दोन दिवस ठेवून घेतलं.

मी भेटायला गेले. ती उशीला टेकून बसली होती आणि बाळाचं सामान कुठल्या कपाटात आहे ते आईला समजावत होती. आई बाहेर गेल्यावर मला म्हणाली, “मी आईला सांगून ठेवलंय, मी गेले तर बाळ तिने वाढवायचं. यांना म्हटलंय, तिसरं लग्न करा, पण तिला आमच्या दोघींबद्दल खरं सांगा.”

आमच्या दोघींबद्दल. ती मरणात माझ्या शेजारची जागा धरून बसली होती, आणि त्या जागेवर मी नव्हतेच. तुझ्यावरचा सूड मला हवा होता. पण हिचं मढं त्यात बसत नव्हतं.

मी दार लावलं आणि म्हटलं, “तुमच्या नवऱ्याची पहिली बायको मेलेली नाही. मी आहे ती.”

तिने अगदी तोंडी परीक्षेत विचारतात तसं विचारलं, “ते चिडले की काय करतात?”

“काही करत नाहीत. घरभर नळ घट्ट बंद करत फिरतात. गळत नसले तरी.”

तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “जून महिन्यापासून तुम्हाला माहीत होतं. मी रोज मरत होते आणि तुम्ही पहिल्या बाकावर बसून बघत होतात.”

“हो.”

“मला मुद्दाम घाबरवलंत.”

“हो.”

“माझ्यासाठी तुम्ही मेलेल्याच बऱ्या होतात.” आणि थोड्या वेळाने, “सोमवारी वर्ग आहे. वेळेवर या.”

सोमवारी आली. अपुरा डेडलॉक पूर्ण केला. दोघांपैकी एकाला बंद करायचं, त्याच्या हातातलं काढून घ्यायचं, म्हणजे दुसऱ्याचं काम पुढे जातं. कोणाला बंद करायचं? ज्याच्या जाण्याने कमीत कमी नुकसान होईल त्याला. हे शिकवताना तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. वर्ग सुटल्यावर मात्र थांबवलं. “मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय,” म्हणाली. “तुमच्या देखत. तुम्ही बसाल समोर?”

मी लगेच हो म्हटलं. विचारसुद्धा केला नाही.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू सारखा ताटात बघत होतास, म्हणून सांगते.

तू आलास त्याच संध्याकाळी मी आले, दार तूच उघडलंस. तुझे केस विरळ झालेत. तिने आतून म्हटलं, “या ताई. अहो, या माझ्या वर्गातल्या. मी चक्कर येऊन पडले तेव्हा यांनीच सांभाळलं.” तू मला नमस्कार केलास. किती सराईतपणे केलास! मागच्या पत्राने तुझी खात्री झाली होती, की मी मूग गिळून बसेन. मीही नमस्कार केला.

जेवायला बसलो. तिने भात वाढला आणि सहज म्हणाली, “ताईंचीही मुलगी जन्मतानाच गेली. त्यांना वाटतं, अशी वेळ त्यांच्यावर एकटीवरच आली. तुम्ही तुमचं सांगा ना त्यांना.”

“आत्ता कशाला?” तू म्हणालास. “जेवू दे त्यांना.”

“माझ्यासाठी सांगा. माझीही भीती जाईल.”

मी पाण्याचा ग्लास तुझ्याकडे सरकवला. तू प्यायलास. आणि सुरुवात केलीस.

वा रे वा. माझ्यासमोर बसून तू मला मारलंस. सकाळपासून तिला बरं वाटत नव्हतं, म्हणालास. मी गाडी मिळवली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. खोटं. तू कामावर होतास, मी शेजारणीबरोबर गेले. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, मुलीला सांभाळा. खोटं. मी तेव्हा तुला शिव्या देत होते. मग ती शांत झाली, म्हणालास.

तिने विचारलं, “शुद्धीवर आलीच नाही का मग?”

“नाही.”

“काही बोलायचं राहिलं असेल ना तिचं?”

“असेल.”

माझ्या हातात घास होता. मी तो खाल्ला. माझ्या मरणाच्या जेवणात मी व्यवस्थित जेवले, चौथी पोळीसुद्धा घेतली. मला मजा येत होती. आता हिने एक वाक्य बोलायचं आणि तुझ्या पायाखालची जमीन जायची, असं आमचं ठरलेलं होतं. मी वाट बघत होते.

तेवढ्यात तिने विचारलं, “आणि मुलगी? बघितलीत तुम्ही?”

हे ठरलेलं नव्हतं. हे तिने स्वतःच्या पोटावर हात ठेवून विचारलं.

तू म्हणालास, “बघितली.”

मला वाटलं, हेही रचशील. पण तुझा आवाज बदलला. मघाशी तू छान बोलत होतास, आता अडखळायला लागलास. “नर्सने पांढऱ्या कपड्यात आणली. म्हणाली, घ्यायची तर घ्या थोडा वेळ. मी घेतली. जड होती. एवढी जड असेल असं वाटलं नव्हतं. ओठ मिटलेले, असे, रुसल्यासारखे. हनुवटी... हनुवटी तिच्या आईची. डाव्या हाताची मूठ घट्ट होती. मी एक बोट आत घालून बघितलं. गेलं नाही.” मग तू ताटावर हात ठेवलास आणि तुला रडू फुटलं. तुझं रडणं मी लग्नात कधी बघितलं नव्हतं. खरं होतं ते.

आणि तू माझ्याकडे बघितलंस. तेवढं एकदाच. माझ्या हनुवटीकडे.

मला उठून तुझं थोबाड रंगवायचं होतं. आणि मला तुला म्हणायचं होतं, पुढे बोल, थांबू नकोस, नाक कसं होतं. दोन्ही एकदम. मी काहीच केलं नाही. तू तिला हातात घेतली होतीस. आणि त्याच खोलीत, खिडकीशी उभा राहून, मला म्हणालास, मी बघितलं नाही.

तिने तुला रडू दिलं. मग शांतपणे विचारलं, “आणि या कोण?”

तू डोळे पुसलेस. “म्हणजे? तुझ्या वर्गातल्या ना.”

“नीट बघा.”

तू बघितलंस. तुला तेव्हाच कळलं, की तिला कळलंय. मी बघत होते, तुझ्या मानेवरची शीर उडत होती. अजूनही वेळ होती. नाव घेतलं असतंस, नुसतं ‘ही’ म्हटलं असतंस, तरी कदाचित... माहीत नाही. तू म्हणालास, “मी यांना आजच बघतोय.”

“ठीक आहे,” ती म्हणाली. “तुमची बॅग अजून उघडली नाहीत ना? बरं झालं. आवरायचं काम वाचलं.”

तू तिच्या तब्येतीचं बोलायला लागलास, नाजूक दिवसांचं. तिची आई आतल्या खोलीतून आली आणि तुझी बॅग उचलून जिन्यात ठेवून गेली. तुझ्यामागे दार लागल्यावर तुझी बायको मला म्हणाली, “तुम्हीही जा. माझी तुमची मैत्री नाही.” मी ताट उचलायला गेले तर म्हणाली, “राहू दे.” मी जिना उतरले तेव्हा तू खालच्या पायरीवर बॅग घेऊन बसला होतास. मी तुला ओलांडून गेले. तू पाय आखडून घेतलेस, शेजारच्या बाईसाठी घेतात तसे.

आमच्यात गोडवा वगैरे काही झाला नाही, हे तुझ्या समाधानासाठी सांगते. तोंडी परीक्षा तिने घेतली. माझ्या आधी काकांना विचारलं, मेमरी म्हणजे काय. काका सुखाने पास झाले. मला मात्र पेजिंग, इंटरप्ट, परवानग्या, शेड्यूलिंग, सगळं खरवडून विचारलं. एका प्रश्नाला मी थांबले तर म्हणाली, “एवढं येत नाही?” अगदी तुझ्या आवाजात. मग गुण दिले. जेवढे होते तेवढे, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. दवाखान्यातला कॉम्प्युटर आता मान टाकत नाही. टाकली तर कोणती प्रोसेस अडून बसलीये ते मी शोधते आणि तेवढीच बंद करते. डॉक्टर म्हणतात, तुम्हाला कसं कळतं? मी म्हणते, तुमच्या डोक्यावरून जाईल.

परवा तिला मुलगा झाला. दोघंही सुखरूप आहेत. मला काकांनी सांगितलं. तिने तुला कळवलेलं नाही आणि कळवणारही नाही, असंही ते म्हणाले. म्हणून मी कळवते आहे. मुलगा आहे, तब्येत उत्तम, रडतो जोरात. कोणासारखा दिसतो ते मला माहीत नाही. मला बघायला बोलावलेलं नाही. तुलाही कोणी बोलावणार नाही. न बघितलेल्या मुलाचं तोंड मनात कसं बसवायचं ते आता तुलाही शिकावं लागेल. मी शिकवू शकले असते, पण शिकवणार नाही.

ही बातमी मी तुला फुकट दिलेली नाही. मला एक हवंय.

तू ओठ सांगितलेस, हनुवटी सांगितलीस, मूठ सांगितलीस. डोक्याचं काही बोलला नाहीस. केस होते का तिला? होते तर काळे की पिंगट? कपाळावर आले होते की नुसतीच लव होती? मला एवढंच लिहून पाठव. माफी लिहू नकोस, कारणं लिहू नकोस, मी ती वाचणार नाही.

आजवर तुझी प्रत्येक थाप मी पकडली. ही मात्र मला पकडता यायची नाही, तू काय लिहिशील ते खरं. तरी लिही.